अक्कम्माची ओटी

शाळा होती, शिकवणारी होती, शिकणाऱ्या चार मुलीही होत्या. नव्हती ती फक्त बाळंतीण.

कल्याणीच्या दवाखान्यात, उमरग्याच्या रस्त्याकडच्या अंगाला, पोलीस ॲक्शननंतर तिसऱ्या वर्षी जनाना वॉर्ड उघडला. आधी त्या खोल्यांत जप्तीचं सामान पडलेलं असे. ते हललं, भिंतींना चुना लागला, खाटा आल्या, हैदराबादहून एक काचेचं कपाट आलं. आणि कपाटामागोमाग डॉक्टर सुशीलाबाई आल्या, नर्स अक्कम्मा आली. पुढे सुईणकाम शिकवायचा वर्गही मंजूर झाला. मंजुरी देणारे साहेब स्वतः पाहणीला आले, मुलींशी उर्दूत दोन शब्द बोलले, चहा प्याले आणि गाडीत बसता बसता म्हणाले, "दिवाळीनंतर पुन्हा येतो. तोवर इथं बाळंतपणं व्हायला लागली नाहीत, तर वर्ग गुलबर्ग्याला हलवू." साहेबांचं काही चुकलं नव्हतं. पोहायला शिकवायचं तर विहिरीत पाणी लागतंच.

पाणी आटत चाललं होतं, हेच तर दुखणं होतं. वॉर्ड उघडला त्या वर्षी अडलेल्या बायका बऱ्यापैकी आल्या, सुखरूप मोकळ्या झाल्या, लेकरं घेऊन घरी गेल्या. अशा वेळी बोलबाला व्हायला हवा. झालं उलटंच. पुढच्या वर्षी कमी आल्या, आणि यंदा तर बाजाराला येणाऱ्या बायका दवाखाना आला की रस्त्याची पलीकडची कड धरायच्या. वर्गातल्या मुली कापडाच्या बाहुलीचं बाळंतपण करकरून कंटाळल्या. त्यातली भागम्मा जिभेला सैल, ती म्हणायची, "अक्का, ह्या बाहुलीला आता दिवस बी ऱ्हाईनात."

अक्कम्मा हसायची नाही. ती आळंदकडच्या एका व्यापारी लिंगायत घरातली, चाळिशीची, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर परीटघडीचं पांढरं लुगडं. हैदराबादला मोठ्या जनाना इस्पितळात शिकलेली. तिचे हात चांगले होते, हे सुशीलाबाईसुद्धा कबूल करायच्या, आणि त्या सहसा काही कबूल करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण स्वभाव म्हणाल तर कडक. वॉर्डात शेगडी नाही, धुरी नाही, खाटेखाली विळा नाही, आणि मुख्य म्हणजे बाळंतपण झाल्यावर कुणी खण-नारळ घेऊन आलं, तर ते घेणं नाही. सूप भरून तांदूळ आणणाऱ्या सासवांना तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. "मला सरकारचा पगार हाय. घरी न्या," एवढंच म्हणायची आणि पाठ फिरवायची.

लोक अडाणी आहेत, त्यांना सवय व्हायला वेळ लागेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. असं ठरवलं की माणसाला बरं वाटतं. आपलं काही चुकलंय का, हे बघायची तसदी घ्यावी लागत नाही.

दसरा तोंडावर आला असताना एका सकाळी सरकीच्या लॉरीतून महानंदा आली. खजुरीची पोर, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. गावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा बाप ग्यानबा तिला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आला आणि समोर दिसली ती लॉरी त्यानं आडवा उभा राहून थांबवली. बरोबर आई शकुबाई होती. गोरीपान, ठेंगणी, बोलायला सुरुवात केली की न थांबणारी ही बाई त्या दिवशी मात्र एक शब्द बोलली नाही. लेकीचा हात धरून लाकडासारखी उभी राहिली.

सुशीलाबाईंनी चिमटा लावून मूल काढलं. मुलगा. आधी रडेना, अक्कम्मानं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, तेव्हा कुठे त्यानं सूर लावला. नाळ तिनंच कापली. चारी मुली भिंतीला टेकून बघत होत्या. भागम्मा घळाघळा रडत होती आणि बाकीच्या तिघी आपण रडत नाही असं दाखवत होत्या.

इथवर सगळं बरं झालं. तिसऱ्या दिवशी महानंदाला ताप भरला.

बाळंतिणीचा ताप म्हणजे काय, हे त्या मुलखात कुणाला सांगावं लागत नसे. प्रत्येक घरात त्या तापानं गेलेली एखादी आत्या, एखादी थोरली जाऊ होतीच. फरक एवढाच, की आता काचेच्या कपाटात पेनिसिलीन होतं. सुशीलाबाईंनी सुया सुरू केल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी ताप थोडा उतरला आणि महानंदानं पहिल्यांदा भाताची पेज मागितली. शकुबाईची जीभ मोकळी झाली ती तेव्हा. तिनं अक्कम्माला आपली म्हैस, आपला जावई, विहिणीचा खवचटपणा, सगळं सांगून टाकलं. अक्कम्मा ऐकत होती. तिला ती बाई आवडायला लागली होती, आणि हे तिच्या बाबतीत क्वचित घडायचं.

"आठवडाभर तरी सुया चालू ठेवायला हव्यात," सुशीलाबाई म्हणाल्या. "मधेच थांबल्या तर ताप दुप्पट जोरानं उलटेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

पाचव्या दिवशी सकाळी ग्यानबा गाडी घेऊन दारात हजर. कल्याणीतल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची बैलगाडी मागून आणलेली. गाडीत कडब्यावर वाकळ अंथरलेली होती. शकुबाईनं लेकीची गाठोडी बांधायला घेतली.

अक्कम्मा वॉर्डात आली आणि दारातच थांबली. "काय करायलात ह्ये?"

"पोरीला न्यायलोत, अक्का," शकुबाई खाली बघत म्हणाली. "आज पाचवी हाय."

"काल बाईंनी काय सांगिटलं, ऐकलंत न्हवं?"

"ऐकलं. पर पाचवी चुकवून कसं चालंल?"

"तुमची पाचवी इथं करा." हे अक्कम्माच्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. बसवण्णांना मानणाऱ्या घरातली बाई ती; सटवाईशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण खाटेवर महानंदा पडलेली होती, गाल तापानं लाल, आणि छातीशी पोरगं चुळबुळत होतं. "स्वयपाकघरातला पाटा-वरवंटा देते. दिवा लावा, काय लिहायचं त्ये सटवाईला इथंच लिहू द्या. मी मधी पडनार न्हाई."

सुशीलाबाई पाठीमागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या. पुण्यात शिकलेल्या त्या बाईला एवढं कळत होतं, की आत्ता बोलायची पाळी आपली नाही.

शकुबाईच्या डोळ्यांत क्षणभर आशा दिसली आणि विझली. "पूजा व्हईल हो. पर वटीचं काय? तुमी तर वटी घेत न्हाई."

"कसली ओटी?"

"सुईणीची." शकुबाई आता गाठोडं सोडून खाली बसली. लहान लेकराला समजवावं तसं सांगू लागली. "पाचवीला सुईणीचं हात धुवायचं, तिची वटी भरायची. मंग ती लेकरू सुपात घालून आईच्या वटीत देती. म्हंती, घे तुजं लेकरू. तवर त्ये सुईणीचं असतंय, अक्का. तिनं वटी घेतली न्हाई तर लेकरू सुटत न्हाई, तिच्याच नावावर ऱ्हातंय. असल्या लेकराला सटवाई काय लिहिनार? कुनाचं म्हनून लिहिनार? आमच्या सुईणीनं हात टेकले व्हते, पर गावाकडं नेलं तर ती तरी वटी घिईल. मंग काय व्हायचं त्ये व्हईल."

अक्कम्मा खाटेच्या कडेला बसली. तिच्या ध्यानात एक गोष्ट हळूहळू यायला लागली आणि ती यायला नको होती.

"म्हंजी बायका इकडं यायच्या थांबल्या, त्या..."

"सारा मुलूख म्हंतोय की," शकुबाई म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. "दवाखान्यातली अक्का लेकरू काडती झकास, पर सोडत न्हाई. बेलुऱ्याच्या एकीचं पोरगं रातंदिस रडतंय. त्याची आजी म्हंती, कसं न्हाई रडनार, त्ये आजून दवाखान्याचंच हाय. आमी बी अडलाव म्हनून आलाव, न्हाईतर आलो नसतो."

भागम्मा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं अक्कम्माकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"कामून घेत न्हाई, अक्का?" शकुबाईनं विचारलं. "आमची वटी तुमाला कमी वाटती का?"

पगाराचं उत्तर अक्कम्माच्या ओठांवर आलं होतं. सवयीचं होतं, सोपं होतं. ते सांगितलं असतं तर गाडी निघून गेली असती. उमरग्याच्या रस्त्यानं, खड्ड्याखड्ड्यांतून, आणि महानंदा परत दिसली नसती. नियम खरा होता, पण हैदराबादच्या थोरल्या डॉक्टरीणबाईसुद्धा बाळंतिणीचा मान राखायला एखादं लिंबू हातात घ्यायच्या. अक्कम्मानं नियमाला एवढं घट्ट धरलं होतं, त्याचं कारण निराळंच होतं.

ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. तिचे अप्पा, चनमल्लप्पा, बसवण्णांची आणि त्यांच्या शरणांची शिकवण मनापासून मानणारे. आपल्यात सूतक नाही, विटाळ नाही, बाई विधवा झाली म्हणून हलकी होत नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगणारे. त्यांनीच जातभाईंची तोंडं बंद करून तिला हैदराबादला धाडलं. पण घर काही एकट्या अप्पांचं नव्हतं. धाकट्या भावाच्या लग्नात बायका ओळीनं बसल्या, ओट्या भरणारी वहिनी एकेकीपुढे वाकत आली आणि अक्कम्मापाशी येऊन, न थांबता, न बघता पुढच्या बाईपाशी गेली. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या दिवसानंतर ओटीचं ताट दिसलं की अक्कम्मा आधीच उठून जायची. आणि इथं, परगावी, कपाळावरच्या विभूतीआड कुंकू नाही हे कुणाला कळत नव्हतं, तेव्हा तिनं ठरवलं होतं, की पुढं केलेली ओटी माघारी घेतली जाताना पुन्हा बघायची नाही. त्यापेक्षा आपणच नको म्हणावं.

"बाहेर या," ती शकुबाईला म्हणाली.

व्हरांड्यात सुशीलाबाई होत्या, ग्यानबा गाडीपाशी बैलांना वैरण टाकत होता. अक्कम्मानं आवाज खाली केला नाही. लपवायचं नाही असं एकदा ठरल्यावर हळू कशाला बोलायचं?

"मला मालक न्हाईत, शकुबाई. येकोनिसाव्या वर्सीच गेले. म्हनून वटी घेत न्हाई. पुढं केल्याली वटी कळल्यावर कुनी माघारी घिऊ नये म्हनून. आता सांगा, भरता माझी वटी?"

 शकुबाई पायऱ्या उतरली आणि नवऱ्यापाशी गेली. दोघांचं काय बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. ग्यानबानं एकदा दवाखान्याकडे मान वळवून पाहिलं. मग त्यानं चाबूक उचलला आणि गाडीत टाकला.

अक्कम्मा आत वळली.  आपण खरं बोललो आणि पोर घालवली, एवढंच तिला सुचत होतं. सुशीलाबाईंनी तिच्या दंडाला हात लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मी त्यांच्याशी बोलते," त्या म्हणाल्या. "हवं तर गाडीपुढे आडवी झोपते."

"झोपायला कशाला पायजे," मागून शकुबाईचा आवाज आला. ती धापा टाकत पायऱ्या चढत होती. "मालकांला बाजारात धाडलं मी. खण, नारळ, तांदूळ आनायला. गाडीत बसून जा म्हनलं, पायी गेलं तर दिवस मावळंल." आणि मग अक्कम्माच्या अगदी समोर येऊन, कमरेवर हात ठेवून, "अक्का, एवढं शिकून आलात, आन् तुमाला ह्ये कुनी सांगिटलं न्हाई? आमची गावची सुईण, तिचा नवरा जाऊन जलम झाला. समद्या गावानं तिची वटी भरल्याली हाय. पाटलाच्या घरात बी ती आली की पाट मांडत्यात. सुईणीला कोन इचारतंय, तुला मालक हाय का न्हाई म्हनून? लग्नातली वटी येगळी आन् सुईणीची येगळी. ती कपाळाची नसती, हाताची असती."

अक्कम्माला खरंच माहीत नव्हतं. व्यापाऱ्याच्या माडीवर वाढलेली मुलगी. सुईण मागच्या दारानं यायची नि मागच्याच दारानं जायची, तिच्या ओटीत कोण काय घालतं हे बघायला त्या घरात कुणी मुलींना पाठवत नसे. हैदराबादला नाळ कशी बांधायची ते शिकवलं, हे शिकवलं नाही. इतकी साधी गोष्ट, सगळ्या मुलखाला ठाऊक असलेली, आणि तिच्यापायी वॉर्ड ओस पडला होता. तिला हसू आलं. मग लक्षात आलं, की ते हसू नाही. ती तिथंच व्हरांड्याच्या कठड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. शकुबाई शेजारी बसून राहिली. मधेच म्हणाली, "रडा, पर लवकर आटपा. पाटा धुवायचा हाय."

दिवेलागणीला पाचवी झाली. सटवाईची पूजा शकुबाईनं केली. अक्कम्मा त्या वेळी ठरल्याप्रमाणे दूर उभी होती. शेगडीवरून मात्र दोघींची जुंपली. शकुबाईला खाटेखाली निखारे हवेच होते आणि अक्कम्मा बधत नव्हती. शेवटी गरम पाण्याच्या बाटल्या महानंदाच्या पायांशी ठेवायच्या, यावर तोड निघाली.

मग अक्कम्माला पाटावर बसवलं. महानंदाला उठवत नव्हतं, म्हणून तिनं खाटेवरूनच हात लांब करून तांब्यातलं कोमट पाणी अक्कम्माच्या हातांवर घातलं. शकुबाईनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. ताट पुढं आलं आणि थांबलं. अक्कम्मानं पदर पसरला.  भागम्मानं सुपात घातलेलं पोरगं पुढं केलं. काय म्हणायचं ते शकुबाईनं अक्कम्माला सांगून ठेवलं होतं.

"घे तुजं लेकरू," अक्कम्मा म्हणाली.

महानंदानं त्याला छातीशी घेतलं. तिला सुई टोचायची वेळ झालीच होती; सुशीलाबाईंनी ती तिथंच, दिव्याच्या उजेडात टोचली. शकुबाई तोंडावर हात ठेवून बघत होती, पण नाही म्हणाली नाही.

महानंदा पुढे आठवडाभर राहिली. ताप उतरला तो उतरलाच. जाताना ती आपल्या पायांनी चालत बसपर्यंत गेली आणि शकुबाई सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात दवाखान्याची हकीकत सांगत गेली. तिच्या जिभेचा दवाखान्याला जेवढा उपयोग झाला, तेवढा हैदराबादच्या हुकमांचा झाला नसेल.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला सकाळी सकाळी भागम्मा धावत वॉर्डात आली. "अक्का, भाईर बगा."

व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात सूप, सुपात खण-नारळ, आणि कडेवर नाही तर पदराला धरून एकेक मूल. अक्कम्माला तोंडं ओळखीची वाटली. वॉर्ड उघडला तेव्हापासून ज्यांना तिनं दारातून परत पाठवलं होतं, त्या सगळ्या. दोघींची पोटं पुन्हा वाढलेली होती. त्यांना आधी आत घ्या, सातवा-आठवा लागलाय, असं मागची एक सांगत होती. चारी मुली खाटांवरच्या चादरी ओढायला पळाल्या.

सगळ्यांत पुढं बेलुऱ्याची बाई होती. तिनं कडेवरचं पोरगं खाली ठेवलं. चांगलं पायांवर चालणारं, नाकाला शेंबूड, हातात गुळाचा खडा. ते रडत नव्हतं, अक्कम्माच्या पांढऱ्या लुगड्याकडे टक लावून बघत होतं.

"अक्का," ती बाई जरा लाजत म्हणाली, "ह्यो दोन वर्सांचा झाला. आजून तुमच्याच नावावर हाय. तेवढा सोडून द्या."

अक्कम्माच्या पोटी मूल नव्हतं. त्याचं दुःख तिनं कधीच बांधून माळ्यावर टाकून दिलं होतं. आणि इकडे, तिला पत्ता नसताना, बेलुऱ्यापासून खजुरीपर्यंत इतक्या घरांत इतकी लेकरं तिची म्हणून वाढत होती, रडत होती, चालायला शिकत होती. तिनं वाकून त्या पोराला उचललं. ते जड होतं. त्यानं गुळाचा खडा तिच्या तोंडाशी नेला.

"सोडते," ती म्हणाली. "हात धुवायला पानी आना आधी. घाई न्हाई."

पाणी येईस्तोवर तिनं त्याला कडेवरून खाली ठेवलं नाही.